नापाचा कपडा

गोहलपुरात सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे कमीज. जबलपूरचा सलवार-सूट ज्या वस्त्यांत शिवला जातो त्यांतली ही एक मोठी वस्ती. लेमा गार्डनला गारमेंट क्लस्टर उभं राहिलं ते अलीकडे. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे घराघरात, जिन्याखाली, गच्चीवर पत्रे टाकून मशिनी चालत आल्या आहेत. बहुतेक कारीगर अन्सारी. आजे-पणजे मागावर बसायचे, नातू शिलाई मशीनवर बसतात. मी या कारखान्यांची जीएसटीची विवरणं भरतो, म्हणून इथे मला सगळे 'वकील साब' म्हणतात. काळा कोट मी जन्मात घातलेला नाही.

आमचं घर मराठी. आजोबा नागपूरहून आले, वडील गन कॅरेज फॅक्टरीत खरादावर होते, गणपती आणि दत्तजयंती गोलबाजारच्या दत्त मंदिरात. मी पुण्याला कॉलेजात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलो. ते जर्मन पोटापाण्याच्या कामी कधी आलं नाही, पण कोश चाळायची खोड लावून गेलं. बिलांवर दिवसभर 'लेडीज कमीज' लिहून लिहून एकदा त्या शब्दाच्या मागे लागलो, आणि माग काढता काढता थेट स्मशानाच्या दारापर्यंत गेलो.

कमीज उर्दूतून आला, उर्दूत अरबी 'कमीस'वरून. मराठीत जुनी माणसं खमीस म्हणतात; वडील शेवटपर्यंत शर्टाला खमीसच म्हणायचे. आता हा खमीस दरबारी फारसी-अरबीतून आला की गोव्याच्या पोर्तुगिजांच्या 'कमीझा'वरून, यावर जाणत्यांनी भांडावं. दोन्ही वाटा मागे नेल्या की एकाच उंबऱ्याशी थांबतात: उत्तरकालीन लॅटिनमधला 'कामिसिया'. संत जेरोमने इसवी सन ४००च्या आगेमागे एका पत्रात ज्यू धर्मगुरूंचा पोशाख समजावून सांगताना हा शब्द वापरला आहे. सैनिक अंगासरशी बसणारा तागाचा कपडा घालतात, ज्याला कामिसिया म्हणतात, तसा तो झगा, असं त्याचं म्हणणं. वाचकाच्या सोयीसाठी बाजारातला शब्द वापरतो आहे, अशी सफाईही तो देतो. पंडितांना बाजाराची लाज वाटते हे तेव्हाही होतंच.

लॅटिनने हा शब्द शेजाऱ्यांकडून उचलला. बहुतेक अभ्यासक मानतात, की तो मुळात उत्तरेच्या जर्मानिक टोळ्यांचा आणि गॉल लोकांच्या तोंडून रोमनांकडे गेला. त्या टोळ्यांच्या वंशजांकडे तो अजून आहे. जर्मन आणि डच दोघंही सदऱ्याला 'हेम्ट' म्हणतात. मुळातला धातू झाकण्याचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात 'शामुल्य' नावाचं एक वस्त्र येतं, तेही याच धातूचं असावं असं जुन्या कोशांनी नोंदवून ठेवलं आहे. ते नातं मी हट्टाने सांगणार नाही; लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखं ते राहू द्यावं.

पण याच धातूचं दुसरं एक पोर आहे, आणि ते मला सोडत नाही.

माझी पुतणी आइंडहोव्हनला असते. तिला दिवस गेले तेव्हा तिथल्या दवाखान्यातून आलेला कागद तिने मला पाठवला, काका, वाचून सांग म्हणून. डच मला येत नाही, पण जर्मनच्या आधाराने निम्मंअर्धं लागतं. त्यात जागोजागी 'लिखाम' हा शब्द. तुमच्या लिखाममध्ये या महिन्यात अमुक बदल होतील, लिखामला विश्रांती द्या, वगैरे. जर्मन शिकलेला माणूस हे वाचून दचकतो, कारण जर्मनमध्ये तोच शब्द 'लाइखनाम' होतो आणि त्याचा अर्थ प्रेत. डचमध्ये जो जिवंत देह, तो सीमा ओलांडली की मढं. आइसलँडमध्ये 'लीकामी' म्हणजे साधा देह, डेन्मार्कात 'लेगेमे' तसाच. स्वीडनमध्ये 'लेकामेन' जुना, देवळातला शब्द, बहुतेक ख्रिस्ताच्या देहाबद्दल बोलताना यायचा. इंग्रजांकडेही हजार वर्षांपूर्वी होता, तो त्यांनी टाकून दिला. त्याचा पहिला तुकडा तेवढा चर्चच्या आवाराच्या 'लिचगेट' या फाटकात अडकून राहिला. तिरडी जिथे क्षणभर टेकवायची ते फाटक.

हा सामासिक शब्द आहे. पहिलं पद 'लीक', म्हणजे देह, आकार. दुसरं 'हाम', म्हणजे आवरण, अंगावरचा कपडा. हेम्ट ज्या धातूचा, त्याच धातूचं. तेव्हा लिखाम म्हणजे देहरूपी अंगरखा. मुळात तो कवींनी घडवला असावा असं मानतात. नॉर्स लोकांच्या कथांत 'हाम्र' म्हणजे अंगावर चढवायची कातडी, रूप. फ्रेया देवीकडे पिसांचं असं एक हाम्र आहे. लोकी हा देव ते उसनं मागून नेतो, अंगावर घालतो आणि उडत जातो. देह बदलायला तिथे मरावं लागत नाही, कपडा मागून आणला तरी चालतं.

भगवद्गीतेचं नावही न ऐकलेल्या माणसांनी देहाला कपडा म्हटलं, याने मी पहिल्यांदा हरखलो होतो. मग लक्षात आलं, की हरखण्यासारखं त्यात फार नाही. माणूस मेला की जे समोर पडलेलं असतं ते पाहून कुणालाही हेच सुचेल. कालपर्यंत आत कुणी होतं, आज नाही. खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहून हे सुचायला ऋषी असावं लागत नाही. आणि घरही सुचतं. गीता देहाला नऊ दारांचं नगर म्हणते. जुन्या इंग्रजी काव्यात लिखामच्याच जोडीला 'हाडांचं घर' असाही शब्द आहे. पाणिनीच्या धातुपाठात 'वस' दोन गणांत येतो, एकदा आच्छादन करण्यासाठी, एकदा राहण्यासाठी. म्हणून कृत्तिवास म्हणजे कातडं पांघरलेला शंकर, आणि श्रीनिवास म्हणजे लक्ष्मी जिथे राहते तो विष्णू. पांघरण्याचा धातू इंग्रजीत 'वेअर' होऊन राहिला, राहण्याचा धातू 'वॉज' होऊन. घर की कपडा, हा घोळ म्हणजे आपला सामायिक वारसा.

प्रश्न पुढचा आहे. देह कपडा असेल तर त्याची किंमत काय?

आपल्याकडे याचं उत्तर फार स्वस्तात मिळतं. तेराव्याला पानं मांडेपर्यंतच्या रिकाम्या वेळात एक गृहस्थ घसा खाकरतात आणि दुसऱ्या अध्यायातला २२वा श्लोक म्हणतात. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह टाकतो. सगळे माना डोलावतात. ज्या बाईचा नवरा गेला ती भिंतीला टेकून बसलेली असते. वडील गेले तेव्हा आई अशीच बसली होती, आणि श्लोक झाल्यावर एक नातेवाईक तिला म्हणाले, "वहिनी, कपडा गेला, माणूस गेला नाही." आई काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "मग मी एवढी वर्षं इस्त्री कशाला केली?"

तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, कारण त्याला उत्तर नव्हतं. श्लोकात 'जीर्ण' वस्त्र आहे. अभिमन्यू सोळा वर्षांचा होता म्हणतात. त्याच्या देहाला जीर्ण कोण म्हणेल? आणि ते कुणाला सांगितलं आहे तेही पाहा. समोर आजोबा आणि गुरू उभे असताना ज्याचा धनुष्यावरचा हात गळाला आहे, त्याला. मारणाऱ्याचा हात स्थिर व्हावा म्हणून सांगितलेली गोष्ट आपण मागे राहिलेल्यांच्या तोंडावर फेकतो. औषध बरोबर, रोगी चुकीचा.

कपड्याचा धंदा करणारे लोक ही उपमा इतक्या सैलपणे वापरत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. संत पॉल तंबू शिवणारा होता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो देहाला आधी तंबू म्हणतो, लगेच कपडा म्हणतो, पण कपडा काढून उघडं व्हायची त्याची तयारी नाही. आहे त्याच्यावर आणखी एक चढवावा, असं तो मागतो. कबीर विणकर. त्याची चादर जपून पांघरून परत करायची वस्तू आहे. टाकून द्यायची नव्हे. आणि आपला नामदेव तर शिंपी. गुरु ग्रंथ साहिबात त्याची एकसष्ट पदं आहेत. त्यांतल्या एकात तो मनाचा गज करतो, जिभेची कातर करतो आणि यमाचा फास बेतून कापतो. हत्यारं सगळी दुकानातली. आपलं माप घेणारा, कापणारा देह तो कामाला लावतो.

गोहलपुरातल्या एका कटिंग मास्टरांकडे मी वडिलांचा एक खमीस घेऊन गेलो होतो. आईची इच्छा होती, मला तसाच शिवावा. मी माप लिहून घ्या म्हणालो तर ते म्हणाले, "नाप मत बताइए वकील साब, कपड़ा छोड़ जाइए." शिंपी याला नापाचा कपडा म्हणतात. अंगाचं माप घेण्यापेक्षा अंगावर वापरलेला कपडा जास्त खरं बोलतो, हा त्यांचा विश्वास. मास्टरांनी खमीस पालथा घातला, मुंढ्यावरून हात फिरवला, बगलेची शिवण दोन्ही बाजूंनी ताणून पाहिली. उजव्या खांद्याची शिवण मागे सरकली होती, तिथलं कापड विरलं होतं. उजव्या कोपरापाशी विणीत झोळ पडला होता, डाव्या कोपराची घडी कडक. मास्टर म्हणाले, उजवा खांदा उतरलेला होता त्यांचा. वडिलांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खरादावर उजवीकडे झुकून काढलेली नोकरी त्या खमिसात होती. वडिलांचा आत्मा कसा होता हे मला कुणी विचारलं, तर मी त्या झोळाबद्दलच सांगेन. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

हे मास्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय, सूरए-यूसुफ वाचा. मी वाचली. कुराणातल्या या बाराव्या सूरेत कमीस हा शब्द सहा वेळा येतो, आणि सगळ्या कुराणात तो इथेच येतो. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात आणि त्याच्या कमीसला खोटं रक्त लावून बापाकडे आणतात. पुढे इजिप्तमध्ये मालकीण त्याच्यावर आळ घेते, तेव्हा साक्ष ठरते ती फाटलेल्या कमीसची. मागून फाटली, म्हणजे तो पळत होता. आणि शेवटी रडून रडून डोळे गेलेल्या बापाकडे यूसुफ आपली कमीस पाठवतो. काफिला निघतो तोच इकडे याकूबना मुलाचा वास येतो. कमीस चेहऱ्यावर टाकतात आणि दृष्टी परत येते. एक सदरा खोटं बोलतो, एक न्याय करतो, एक डोळे देतो. कपडा म्हणजे काहीच नव्हे असं म्हणणाऱ्याने या बापाला जाऊन सांगावं.

(कुराणातल्या परभाषेतून आलेल्या शब्दांचा आर्थर जेफरीचा प्रसिद्ध कोश, ज्यात 'कमीस'ची नोंद आहे, तो १९३८ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल मालेत छापला गेला. अरबी शब्दांचा माग लावणारं पुस्तक मराठी राजाच्या पैशाने निघालं, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.)

गोहलपुरात कमीज शिवणारा माणूस शेवटी कमीस घालूनच जातो. हनफी रीतीने पुरुषाच्या कफनात तीन कपडे असतात: इजार, कमीस, लिफाफा. बाईला ओढणी आणि सीनाबंद असे आणखी दोन. ही कमीस कशी असते ते मी पाहिलं आहे. पांढऱ्या लठ्ठ्याचा लांब तुकडा खांद्याशी दुमडायचा, दुमडीवर डोकं जाईल एवढा चीर द्यायचा, बस. पुढून मानेपासून पायापर्यंत, मागून तेवढाच. बाही नाही, कळी नाही, चौबगला नाही, बाजूला टाका नाही. कळी आणि चौबगला हे तुकडे हात उचलता यावा, पाऊल टाकता यावं म्हणून असतात; आता त्याची गरज सरली. खिसाही नाही. कफनाला खिसा नसतो हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात, आणि जर्मन लोकही तेच म्हणतात, शेवटच्या हेम्टला खिसे नसतात म्हणून. त्यांचा शेवटचा हेम्ट आणि इथली शेवटची कमीस, दोन्ही शब्द एकाच मुळाचे, हे दोघांनाही ठाऊक नसतं.

या कफनावरूनच आपला 'कफनी' शब्द. मराठीत कफनी मेलेल्याची राहिली नाही, ती फकिराची, साधूची झाली. शिर्डीचे साईबाबा १९१८च्या दसऱ्याला गेले. तोवर लोकांनी त्यांना बहुतेक कफनीतच पाहिलं. जिवंतपणीच शेवटचा सदरा अंगात घालून फिरणारा माणूस: या प्रकाराकडे आपण इतकं सवयीने पाहतो की त्यातला धीटपणा दिसतच नाही. डचांनी आणि जर्मनांनी एका शब्दाचे जिवंत आणि मेलेला असे वाटे केले. कफनी घालणारा ते दोन्ही एका अंगावर वागवतो. आणि बाबांची ती कफनी फाटकी होती, ठिगळाची होती, पण ते ती सहजी टाकत नसत. वैराग्याचाही कपडा शिवावा लागतो, धुवावा लागतो.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात १०९ क्रमांकाची एक अगदी छोटी गोष्ट आहे. सात वर्षांचा मुलगा जातो. आई रात्रंदिवस रडते. मुलगा रात्री पांढऱ्या मृत्यूच्या सदऱ्यात येऊन उभा राहतो आणि सांगतो, आई, रडणं थांबव, तुझ्या आसवांनी माझा सदरा वाळतच नाही, मला झोप लागत नाही. आई थांबते. दुसऱ्या रात्री तो दिवा घेऊन येतो, सदरा वाळत आला आहे. आपल्याकडे रघुवंशाच्या आठव्या सर्गात वसिष्ठ शिष्याकरवी पत्नीशोकात बुडालेल्या अज राजाला साधारण हेच कळवतात, नातेवाइकांची आसवं गेलेल्याला जाळतात. म्हणणं एकच, पण मला जर्मन गोष्ट जास्त पटते. वसिष्ठ ऋषी आहेत, ते आज्ञा करतात. त्यांच्या आज्ञेने अजाचं दुःख हललंही नाही, तो पुढे प्राण सोडतोच. ग्रिमच्या गोष्टीत तक्रार खुद्द सदरा घालणाऱ्याची आहे, आणि ती ओल्या कपड्याची आहे. आईला ती कळते, कारण मुलाचे कपडे वाळवणं हेच तिचं काम होतं.

देह नकोच असं आपले संतही सरसकट म्हणत नाहीत. समर्थांचा दासबोध घ्या. पहिल्या दशकाचा दहावा समास नरदेहाची स्तुती करतो, आणि तिसऱ्या दशकाचा पहिला समास त्याच देहाच्या जन्माचं असं किळसवाणं वर्णन करतो की जेवताना वाचू नये. एकाच पुस्तकात दोन्ही. कीर्तनकार ज्याला जो हवा तो समास उचलतात. मला दोन्ही एकत्र हवेत: मळतो, फाटतो, टाकावा लागतो, आणि त्याच्यावाचून या माणसाला मी कधी भेटलो नसतो.

देह वस्त्र आहे हे मला मान्य आहे. माझी तक्रार 'फक्त' या शब्दाशी आहे. 'फक्त वस्त्र' असं म्हणणाऱ्याने ना कधी कापड बेतलं असतं, ना कधी मापात चुकून थान वाया घालवलं असतं. आत्मा अमर असेल तर त्याला आपल्या सांत्वनाची गरज नाही. गरज असते ती खमिसाची इस्त्री केलेल्या माणसाला.

म्हणून एक विनंती. यापुढे कुणाच्या दारी जाल तेव्हा श्लोक म्हणायचा तर म्हणा, गीता आहे, तिचा मान आहे. पण तो म्हणून झाल्यावर 'आता कपाट मोकळं करा, कपडे वाटून टाका' असं लगेच सांगू नका. ज्याला वाटायचे असतील तो त्याच्या वेळेने वाटेल. आणि नापापुरता एक कपडा तरी घरात ठेवा, शिंप्याला लागतो.